आज्ञा कुणाची?



कॅथलिक धर्मभगिनींच्या आयुष्यावर बोलणार असं मी कळवलं, तेव्हा दोंडाईच्याच्या या व्याख्यानाच्या आयोजकांनी विषय आनंदाने मान्य केला. एक सूचना मात्र केली. शीर्षकात ‘सेवा’ हा शब्द असू द्या, म्हणजे लोकांना विषय लगेच कळेल. मी तो शब्द घातला नाही. सेवेबद्दल माझी तक्रार नाही, पण सिस्टर म्हटलं की आपण ‘सेवा’ म्हणतो, हात जोडतो आणि पुढे जातो. त्या बाईने आयुष्याचं नेमकं काय केलं आहे, हे विचारायचं राहूनच जातं. धुळ्याच्या कनोसा कॉन्व्हेंटमध्ये नातवाला प्रवेश मिळावा म्हणून धडपडणारे आजोबा या सभागृहात असतीलच. फॉर्म घेणाऱ्या सिस्टर कुठून आल्या, त्यांचा पगार कुठे जातो, आणि उद्या वरून पत्र आलं तर त्यांना कुठे जावं लागेल, हे त्या आजोबांपैकी कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

खरं तर घर सोडणारी बाई खानदेशाला अनोळखी नाही. आपल्या बाजारपेठेतल्या ओसवाल घरांमधून मुली दीक्षा घेतात. त्यांची मिरवणूक आपण पाहतो, चातुर्मासात साध्वीजींच्या व्याख्यानाला बसतो. महानुभावांचे आश्रम जळगाव-धुळ्याच्या गावोगावी आहेत. चक्रधरस्वामींच्या शिष्या महदंबा या तर मराठीतल्या आद्य कवयित्री. मुक्ताबाईंच्या नावाने आपल्या शेजारच्या एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. त्यामुळे लग्न न करता देवाच्या नावाने जगणाऱ्या बाईकडे पाहण्याची आपली दृष्टी आठशे वर्षांची तरी आहे.

पण साध्वी आणि सिस्टर यांच्यात एक मोठा फरक आहे. साध्वी संस्थेचा हिशेब ठेवत नाही, बँकेत जात नाही, हजेरीपटावर सही करत नाही. सिस्टर हे सगळं करते. ती मुख्याध्यापिका असते, परिचारिका असते, वकीलही असते. अनुदानित शाळेत असेल तर महिन्याच्या महिन्याला सरकारी पगार तिच्या नावावर निघतो. ही संसारात वावरणारी संन्यासिनी आहे. तिची खरी परीक्षा इथे सुरू होते, आणि मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी रीत थोडक्यात सांगतो. बहुतेक मंडळांना १९८३ची कॅनन कायदासंहिता लागू आहे. सतरा वर्षं पूर्ण होण्याआधी मुलीला उमेदवारीच्या काळात, म्हणजे नोव्हिशिएटमध्ये, घेता येत नाही. तो काळ किमान बारा महिन्यांचा. मग तात्पुरती व्रतं, साधारण तीन ते सहा वर्षांसाठी. एकवीस वर्षांच्या आत कायमची व्रतं घेता येत नाहीत. मधल्या काळात ती परत जाऊ शकते, मंडळही तिला परत पाठवू शकतं, आणि दोन्ही गोष्टी घडतात. कायमच्या व्रतांआधी तिला देशाच्या कायद्याप्रमाणे वैध असं मृत्युपत्र करावं लागतं. पंचविशीतली मुलगी मृत्युपत्रावर सही करते. आपल्या घरात या वयाच्या मुलीचा मोबाइलचा रिचार्ज अजून वडील भरत असतात.

व्रतं तीन: ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन. लोकांचं कुतूहल पहिल्याभोवती फिरतं. ते मी सोडून देतो, कारण त्यावर बाहेरच्या माणसाने बोलावं असं फार थोडं आहे आणि बोललं जातं फार.

दुसऱ्या व्रताची गोष्ट आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. दारिद्र्याचं व्रत घेतलेली व्यक्ती जे कमावते ते तिचं नसतं, मंडळाचं असतं. पगारही मंडळाचा आणि पेन्शनही. इंग्रजांच्या काळात, १९४४ साली, करखात्याने एक परिपत्रक काढलं होतं. मिशनरी आपल्याला मिळालेलं मानधन संस्थेला देऊन टाकत असतील तर त्यावर त्यांच्याकडून कर घेऊ नये, असा त्याचा आशय होता. त्या आधारावर अनुदानित शाळांमधल्या सिस्टर आणि फादर यांच्या पगारातून वर्षानुवर्षं कर कापला जात नव्हता. पुढे खात्याने कापायला सांगितलं आणि तमिळनाडू-केरळातून खटले उभे राहिले. मंडळांचा युक्तिवाद विलक्षण होता. व्रत घेतलं की त्या व्यक्तीचा ‘नागरी मृत्यू’ होतो, जो माणूस कायद्याने उरलाच नाही त्याला उत्पन्न कसलं? ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने नव्वदहून अधिक अपिलं एकत्रच फेटाळली. पगार व्यक्तीला मिळतो, नंतर ती तो कुणाला देते याच्याशी कर-कपातीचा संबंध नाही.

कायदा म्हणून हा निकाल मला बरोबर वाटतो. पण त्या युक्तिवादाचं मला मोल वाटतं. एरवी करातून सूट मागणारा माणूस मुलांच्या फिया दाखवतो, घराचे हप्ते दाखवतो. इथे सूट मागणाऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं की, साहेब, मिळवणारं माणूसच उरलेलं नाही.

आता तिसरं व्रत. माझ्या मते सगळ्यांत अवघड हेच, आणि याच्याबद्दल आपण जवळजवळ कधीच बोलत नाही. मंडळाच्या घटनेनुसार वरिष्ठांनी दिलेली आज्ञा देवाच्या ठिकाणी मानून पाळायची. कुठे राहायचं, काय शिकायचं, कोणतं काम करायचं, कधी बदली व्हायची, हे सगळं त्यात आलं. वरिष्ठांवरही बंधन आहे. भगिनींचं म्हणणं ऐकून घ्यावं, असं कॅनन संहिताच सांगते. पण शेवटचा शब्द वरिष्ठांचा. तुमच्यात निवृत्त सरकारी नोकर असतील, त्यांना बदली म्हणजे काय ते ठाऊक आहे. मात्र त्यांच्या बदलीला आमदाराचं पत्र होतं, मॅट, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरण, होतं, अगदीच नाही तर दीर्घ रजा होती.

या व्रताशी एका मराठी बाईने जी झुंज दिली ती आपल्या इतिहासात नोंदलेली आहे. पंडिता रमाबाई १८८३मध्ये लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीमंडळाच्या मठात राहिल्या. हे मंडळ अँग्लिकन, कॅथलिक नव्हे. पण व्रतांची चौकट तीच. याच मंडळाच्या भगिनी पुण्यात काम करीत होत्या. ज्या पंचहौद मिशनमधल्या १८९०च्या चहामुळे पुढे लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांना ग्रामण्याला, म्हणजे बहिष्काराला, तोंड द्यावं लागलं, तिथेही त्यांचा वावर होता. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक. रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणत.

आजीबाईंशी नात मात्र मुळीच गोड वागली नाही. त्रैक्याचं तत्त्व का मानायचं, मनोरमेला काय शिकवायचं, खाण्यापिण्याचे आपले नियम का सोडायचे, गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नाहीत, अशा प्रत्येक गोष्टीवर वाद झाला. चेल्टनहॅममध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी कल्पना निघाली, तर बिशपांनी हरकत घेतली, की हिंदुस्थानात याचा बोभाटा होईल. रमाबाई उसळल्या. हिंदुस्थानात सभा गाजवून आलेल्या बाईला हे सांगत होते! एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली ती दुसऱ्याच्या हाती द्यायला नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. हा सगळा पत्रव्यवहार खुद्द सिस्टर जेराल्डिनने जमवून ठेवला. १९७७ साली अ. भि. शहा यांनी तो संपादित केला, म्हणून आपल्याला वाचता येतो.

आपण ही पत्रं वाचताना रमाबाईंच्या बाजूला जाऊन बसतो, मीही बसतो. पण पुन्हा वाचताना मला सिस्टर जेराल्डिनची अडचण कळली. त्या रमाबाईंना अभिमान सोड म्हणत होत्या, कारण त्यांनी स्वतः तो सोडला होता आणि त्याचं मोल त्यांना माहीत होतं. ज्याने आपली इच्छा दुसऱ्याच्या हाती दिली आहे, त्याला न देणारा माणूस अहंकारी वाटणारच. रमाबाई मात्र मठात राहिल्या तरी मंडळात दाखल झाल्या नव्हत्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता, आज्ञापालनाचं व्रत घेतलं नव्हतं, आणि पुढेही घेतलं नाही. शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती मिशन त्यांनी कुणाच्या आज्ञेने उभारलं नाही.

व्रत न घेणाऱ्या रमाबाईंची गोष्ट तुलनेने सोपी आहे. व्रत घेतलेल्या बाईला समोरून हाक आली, तर तिने काय करायचं?

सिस्टर लुसी कुरियन केरळच्या कण्णूर जिल्ह्यातल्या. जन्म १९५६चा. बाराव्या वर्षी शिक्षणासाठी मुंबईला आल्या, पुढे सिस्टर्स ऑफ द क्रॉस या मंडळात व्रतस्थ झाल्या. १९९१ साली त्या पुण्यात स्त्रियांसाठीच्या एका उपक्रमात काम करीत होत्या. एके दिवशी एक गरोदर बाई आली. नवऱ्याला दुसरी बाई आणायची आहे, तो मला मारून टाकेल, मला इथे ठेवून घ्या, असं म्हणाली. लुसी ज्या कॉन्व्हेंटमध्ये राहत तिथे बाहेरच्या बाईला रात्री ठेवून घेण्याचा अधिकार त्यांना नव्हता. उद्या ये, काहीतरी करू, असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवलं. किंकाळ्या ऐकून लुसी धावल्या. जळालेल्या अवस्थेत तिला रुग्णालयात नेलं. ती गेली, पोटातलं सात महिन्यांचं मूलही गेलं.

ही हकीकत सिस्टर लुसींनी स्वतः अनेक व्यासपीठांवरून सांगितली आहे. श्रोते ती ऐकून हळहळतात आणि त्यांचं लक्ष नवऱ्यावर जातं. माझं लक्ष ‘उद्या ये’वर अडकतं. हे दोन शब्द उच्चारताना लुसींनी काहीच गैर केलं नव्हतं. नियम होता, नियमामागे कारणं होती. चाळीस बायका एका छताखाली राहतात तिथे कुणाला रात्री आत घ्यायचं हे प्रत्येकीने आपापलं ठरवून चालत नाही. त्यांनी आज्ञा पाळली होती, आणि ती बाई मेली होती.

यावर दोन सोपे मार्ग होते. एक म्हणजे देवाची इच्छा म्हणून कामाला लागायचं. दुसरा, झगा उतरवून घरी जायचं. लुसींनी दोन्ही केलं नाही. पुढची सहा वर्षं त्या अशा बायकांसाठी घर काढण्याची कल्पना घेऊन फिरत राहिल्या. पुण्यातले जेझुइट विद्वान फादर फ्रान्सिस डिसा त्यांच्या पाठीशी राहिले. २ फेब्रुवारी १९९७ रोजी पुणे जिल्ह्यात वढू बुद्रुकला, जिथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे त्या गावात, ‘माहेर’चं पहिलं घर उघडलं. योगायोग असा की त्याच दिवशी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सुरू केलेला व्रतस्थ जीवनाचा पहिला जागतिक दिवस जगभर साजरा होत होता. रोममध्ये व्रतांची थोरवी सांगणारी प्रवचनं झाली असतील. वढूत त्याच दिवशी एका व्रतस्थ बाईने रात्री-अपरात्री उघडेल असं दार बसवलं.

माहेर ही संस्था कोणत्याही धर्ममंडळाच्या मालकीची नाही, तो वेगळा नोंदणीकृत न्यास आहे. तिथे सगळ्या धर्मांचे सण होतात, जात विचारली जात नाही. घरातून हाकललेल्या बायका, त्यांची मुलं, रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रिया तिथे राहतात. आलेल्या बायकांपैकी काही पुढे तिथल्याच कार्यकर्त्या झाल्या. आज अनेक राज्यांत घरं आहेत. २०१५चा नारी शक्ती पुरस्कार सिस्टर लुसींना मिळाला. आपल्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. दारातून आत घेणारं कुणी नसलेल्या बाईला आखाजी म्हणजे काय, हे आपल्या गाण्यांत फारसं येत नाही.

इथे काहींच्या मनात एक प्रश्न कधीचा उभा असेल, मीच तो मांडतो. या बायका धर्मांतर करायला येतात का? ख्रिस्ती माणसाला आपल्या धर्माचा प्रसार हे कर्तव्य वाटतं, हे लपवण्याचं कारण नाही, त्यांनी ते कधी लपवलेलंही नाही. पण त्या आरोपामागे दर वेळी धर्मच असतो असंही नाही. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा करत इंदूरला जाता येतं. इंदूरजवळच्या देवास जिल्ह्यात उदयनगर नावाचं गाव आहे, भोवती आदिवासी वस्ती. तिथे सिस्टर राणी मारिया १९९२पासून काम करीत होत्या. मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट मंडळाच्या. त्या शेतमजुरांना सरकारी योजना समजावत, बँकेचं कर्ज मिळवून देत आणि सावकाराच्या दारातून बाहेर काढत. २५ फेब्रुवारी १९९५ला सकाळी त्या इंदूरच्या बसमध्ये बसल्या. समंदर सिंह नावाच्या तरुणाने भर बसमध्ये त्यांच्यावर चाकूचे पन्नासहून अधिक वार केले. बसमधलं कुणी मधे पडलं नाही. त्याला गावातल्या जमीनदारांनी पढवलं होतं. धर्म बाटवतेय असं त्याला सांगितलं गेलं होतं. कर्जाची वही बंद पडतेय असं कोण सांगेल?

पुढे २००२च्या राखीपौर्णिमेच्या सुमारास राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याच मंडळातली सिस्टर, तुरुंगात गेली आणि तिने समंदर सिंहच्या हाताला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी खटपट केली, २००६मध्ये तो सुटला आणि नंतर केरळला जाऊन तिच्या आईला भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आलं, तेव्हाही तो हजर होता.

याच फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट मंडळाने २०१९च्या ऑगस्टमध्ये आपल्या दुसऱ्या एका भगिनीला, सिस्टर लुसी कलप्पुरा यांना, बडतर्फ केलं. त्यांच्यावर ठेवलेल्या आरोपांत गाडी चालवण्याचा परवाना काढणं, गाडी विकत घेणं, परवानगीविना कवितांचं पुस्तक छापणं, टीव्हीवर बोलणं असे आरोप होते. त्याआधी २०१८मध्ये एका बिशपवर बलात्काराची तक्रार करणाऱ्या भगिनीच्या बाजूने पाच-सहा सिस्टर कोचीत रस्त्यावर बसल्या होत्या, तिथे जाऊन कलप्पुरांनी पाठिंबा दिला होता. त्या बिशपांची जानेवारी २०२२मध्ये न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली, हेही सांगायला हवं. कलप्पुरांची व्हॅटिकनकडची अपिलं फेटाळली गेली.

एकाच मंडळातली एक भगिनी वेदीवर चढली आणि काही वर्षांच्या अंतराने दुसरीला त्याच मंडळाने दाराबाहेर काढलं. मंडळाच्या बाजूने खुलासा सरळ आहे: राणी मारिया आज्ञेत राहून मेल्या, कलप्पुरांनी आज्ञा मोडली. नियमाच्या वहीत हा फरक बरोबर आहे. पण कोचीच्या रस्त्यावर बसलेल्या बायकांना आज्ञा मोडल्याशिवाय बोलताच येत नव्हतं, याचं उत्तर त्या वहीत मला सापडत नाही. पोप फ्रान्सिस यांनीच फेब्रुवारी २०१९मध्ये, धर्मगुरूंकडून भगिनींचं शोषण झालं आहे आणि होतं आहे, अशी कबुली दिली होती. जिथे खालच्याने ऐकायचं हेच व्रत आहे, तिथे वरच्याने कुणाचं ऐकायचं याची व्यवस्था आधी भक्कम हवी. भगिनींच्या मंडळांत ती पुष्कळशी आहे. वरिष्ठ मुदतीने निवडल्या जातात, सभा होतात, तक्रारी ऐकल्या जातात. बिशप आणि भगिनी यांच्यामधल्या पायऱ्यांवर मात्र ती फार ठिकाणी तोकडी पडते.

वरून येणाऱ्या आज्ञेला दुसरा काही पर्याय असू शकतो का? खानदेशाशी नातं असलेल्या माणसाने एक करून पाहिला आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि सानेगुरुजींनी ती उतरून घेतली, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच विनोबांनी २५ मार्च १९५९ रोजी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, ब्रह्मचारिणी स्त्रियांसाठी. त्या शेती करतात, छपाई करतात, ‘मैत्री’ मासिक काढतात. तिथे मठाधिपती नाही, मदर सुपिरियर नाही. प्रत्येक निर्णय सर्वसंमतीने. एकीचं जरी मन वळलं नाही तरी थांबायचं. ज्यांनी तिथल्या भगिनींशी बोलून पाहिलं असेल त्यांना माहीत असेल, की हे आज्ञापालनाहून सोपं मुळीच नाही. आज्ञा पाळताना एकीचं ऐकावं लागतं, सर्वसंमतीत सगळ्यांचं.

पवनारला नव्या मुली फारशा येत नाहीत. जगभरच्या धर्मभगिनींची संख्याही सहा लाखांच्या खाली आली आहे. १९७०च्या आसपास ती दहा लाखांच्या घरात होती. युरोपातले मठ विकले जाताहेत. भारतात अजून सुमारे एक लाख भगिनी आहेत, पण केरळच्या घरात आता दोनच मुलं, त्यातली एक मंडळाला कोण देणार? आता मुली झारखंड, ओडिशा, छत्तीसगडच्या आदिवासी घरांतून येतात. त्यांना केरळी किंवा मंगळुरी वरिष्ठांची आज्ञा पाळायची असते. काही वर्षांत त्याच वरिष्ठ होतील. त्या कशा प्रकारची आज्ञा देतात, हे पाहण्यासारखं असेल.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे आणि प्रश्नांच्या चिठ्ठ्या समोर येऊन पडल्या आहेत. त्यातल्या पहिल्याच चिठ्ठीत विचारलंय की, ‘तुमच्या मुलीने उद्या सिस्टर किंवा साध्वी व्हायचं म्हटलं तर तुम्ही काय कराल?’ मी तिला एवढंच विचारीन, की ‘उद्या ये’ म्हणायची वेळ आली तर तू काय करशील. तिचं उत्तर काहीही असलं तरी, बाप म्हणून नाही म्हणण्याचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही. दुसरी चिठ्ठी घेऊ या.